गाडी, क्रेडिट कार्ड आणि सहलीचा खर्च: सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातून जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. व्याजदर आणि शुल्कं बँकेगणिक बदलतात, त्यामुळे हिशेबातले दर नमुन्याचे समजा आणि सही करताना आपल्या कागदावरचा आकडा धरा.

१. शोरूमवाले सांगतात ती ऑन-रोड किंमत एक्स-शोरूमपेक्षा एवढी जास्त का? त्यातलं काय कापून घेता येतं?

फरकाचा मोठा भाग सरकारी आहे, तिथे घासाघीस चालत नाही. वैयक्तिक नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी रोड टॅक्स बसतो, डिझेलला १३ टक्के. म्हणजे ८ लाखांच्या पेट्रोल गाडीचे ८८,००० रुपये इथेच जातात. फर्मच्या नावावर घेतली तर टॅक्स आणखी बराच वाढतो. नोंदणीचे ६०० आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवण्याचे १,५०० रुपये वेगळे. किंमत १० लाखांवर गेली की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, कापतात. तो पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, फक्त शोरूमला पॅन बरोबर द्या. जीएसटी एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. तो वेगळा लावलेला दिसला तर तिथेच विचारा.

कापण्यासारखं खाली असतं: हँडलिंग चार्जेस, डेपो चार्जेस, ‘एसेन्शियल किट’, वाढीव वॉरंटी आणि मॅट-सीटकव्हरचं पॅकेज. यातलं काहीच सक्तीचं नाही. हँडलिंग चार्जेस तर सरळ काढून टाकायला लावा. गाडी शोरूमपर्यंत आणणं हे विक्रेत्याचं काम आहे.

विमा शोरूममधूनच घ्यायला हवा, हेही खरं नाही. नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेतला तरी चालतो. बाहेरून कोटेशन आणताना गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, आणि अॅड-ऑन तेच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. बाहेरचा कागद समोर ठेवला की शोरूमचा आकडा बहुतेक वेळा खाली येतो.

२. दसऱ्याला गाडी घ्यावी की डिसेंबरपर्यंत थांबावं?

मुहूर्त महत्त्वाचा असेल तर दसरा. पैसे महत्त्वाचे असतील तर डिसेंबर, कारण वर्ष बदलायच्या आत स्टॉक काढायची शोरूमला घाई असते. पण डिसेंबरात घेतलेली गाडी महिन्याभरात ‘मागच्या वर्षीची’ होते आणि विकताना तेवढी किंमत तुटते. सात-आठ वर्षं वापरणार असाल तर हा फरक किरकोळ. तीन वर्षांत बदलायची सवय असेल तर सूट चांगली घसघशीत हवी. दसऱ्याच्या गर्दीत डिलिव्हरी घेणार असाल तर पूजेच्या दिवशी तपासणी होत नाही. दोन दिवस आधी दिवसाउजेडी जाऊन उत्पादनाचा महिना, चॅसिस नंबर आणि टायरवरचा चार अंकी आकडा बघून या. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष.

३. पतसंस्था ७ टक्के फ्लॅट म्हणते, बँक ९ टक्के म्हणते. पतसंस्था स्वस्त ना?

नाही, महाग. फ्लॅट दरात पहिल्या रकमेवर शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज लागत राहतं, मुद्दल फिटत गेली तरी.

५ लाख, ५ वर्षं, ७ टक्के फ्लॅट: व्याज १,७५,०००, हप्ता ११,२५०. तेच ५ लाख ९ टक्क्यांच्या घटत्या शिलकीवर: हप्ता सुमारे १०,३८०, एकूण व्याज सुमारे १,२२,७५०. ‘स्वस्त’ कर्ज ५२,००० रुपयांनी महाग पडलं. ७ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या हिशेबाने जवळपास साडेबारा टक्के.

दुसरा सापळा मुदतीचा. तेच ९ टक्क्यांचं कर्ज ७ वर्षांचं केलं तर हप्ता ८,०४५ वर येतो आणि सगळ्यांना बरं वाटतं, पण व्याज १,७५,७०० च्या घरात जातं. हप्ता परवडतो का, हा अर्धाच प्रश्न झाला. एकूण किती भरणार हे लेखी मागा. बँका आणि वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरण देणं १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्कासह खरा वार्षिक दर छापलेला असतो. पतसंस्थेकडे तसा कागद नसेल तर सगळ्या हप्त्यांची बेरीज मागून घ्या.

४. आमचं उत्पन्न ऊसबिलावर. दरमहा हप्ता जमत नाही. मग काय?

शेतकऱ्यांसाठी सहामाही हप्त्याची सोय काही बँका देतात, अर्ज करतानाच विचारा. मंजुरीनंतर वेळापत्रक बदलून घेणं जिकिरीचं होतं. सहामाहीत मुद्दल उशिरा फिटते, म्हणून व्याज थोडं जास्त जातं. कायद्याने एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवी, पण हप्त्याची तारीख त्या भरवशावर ठेवू नका. बिल खात्यावर येण्याचा कारखान्याचा मागच्या दोन-तीन हंगामांतला अनुभव बघा आणि त्यापुढे महिना-दीड महिना सोडून तारीख मागा. बिल आलं की मुद्दलीत जादा भरणा करता येतो का आणि त्यावर दंड किती, हे करारात वाचा.

पीककर्ज काढून गाडीचं डाउन पेमेंट करू नका. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावरची व्याजसवलत वेळेत फेडलं तरच मिळते. ते एकदा थकलं की सवलतही जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं.

५. जुनी गाडी बघायला जाताना पैसे देण्याआधी काय काय तपासायचं?

आधी कागद, मग गाडी. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, कितवा मालक, बँकेचा बोजा, विमा आणि पीयूसीच्या तारखा, नोंदणीची मुदत बघा. समोर बसलेला माणूस आणि आरसीवरचं नाव एक नसेल तर मूळ मालकाशी बोलल्याशिवाय इसार देऊ नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर दंड थकलेत का पाहा. पुणे-मुंबईत फिरलेल्या गाडीवर ते हमखास निघतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे ना, बघा.

गाडीवर चॅसिस नंबर स्वतः वाचा, आरसीच्या फोटोवरून नाही. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा, ताजा रंग किंवा वेल्डिंग दिसलं तर व्यवहार तिथेच संपला. इंजिन गार असताना चालू करून बघा. ‘आताच फिरवून आणली’ म्हणत गरम इंजिन दाखवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगून शेवटचं किलोमीटर रीडिंग काढता आलं तर मीटर मागे फिरवलाय का ते कळतं.

६. सांगलीतली गाडी आहे. पुरात बुडालेली नाही हे कसं ओळखायचं?

प्रश्न रास्त आहे. २०१९ आणि २०२१ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोकापातळी कितीतरी ओलांडली आणि शहरात पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. म्हणजे साताऱ्यात घेताय म्हणून निश्चिंत राहू नका.

पॉलिश बाहेरून होतं, म्हणून बाहेरून बघण्यात वेळ घालवू नका. पुढचा सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. गुंडाळलेल्या भागावर आडवी तपकिरी रेघ दिसली तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं. बेल्ट कोरा करकरीत आणि बाकीची गाडी दहा वर्षांची, तरीही संशय घ्या. मग सीट पुढे सरकवून रुळांचे बोल्ट बघा. आतल्या बोल्टला गंज चढायचं कारण नसतं. डिकीतलं स्टेपनी उचला आणि खळग्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा. नदीचा गाळ बारीक पिठासारखा असतो, साध्या धुळीसारखा झटकला जात नाही. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरच्या जोडण्यांवर हिरवट थर आहे का पाहा. शेवटी काचा बंद करून एसी पंख्याच्या पूर्ण वेगावर पाच मिनिटं ठेवा, कुबट वास आला की बस्स. गाडीत सुगंधी डब्या ढिगाने टांगल्या असतील तर त्या आधी काढायला सांगा.

विम्याचा क्लेम इतिहासही मागा. ‘टोटल लॉस’ झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर आलेली असू शकते.

तुमची स्वतःची गाडी पाण्यात अडकली तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना क्रँक केलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट अॅड-ऑन नसेल तर तो खर्च विमा कंपनी सहसा नाकारते. बॅटरीची तार काढा आणि टोइंग बोलवा.

७. गाडी नावावर करायला काय लागतं? नोटरी केली तर पुरत नाही का?

नोटरी म्हणजे तुमच्या दोघांतला करार. आरटीओच्या लेखी गाडी जुन्या मालकाचीच राहते. लागतं ते असं: फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०, चॅसिसचा पेन्सिल ठसा. अर्ज परिवहन पोर्टलवर भरतात. एमएच ११ (सातारा), एमएच ५० (कराड) आणि एमएच १० (सांगली) यांच्या हद्दी वेगळ्या आहेत, त्यामुळे एनओसी लागते का हे पोर्टलवर अर्ज भरतानाच बघा. राज्यातल्या राज्यात गाडीचा नंबर तोच राहतो.

कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. खरी जोखीम विकणाऱ्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी नोंदीतला मालक जबाबदार, गाडी पुढे किती हातांत गेली तरी. म्हणून एजंटाला ‘टीटी फॉर्म’वर, म्हणजे नावबदलाच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या देऊन मोकळं होऊ नका. घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ घालून डिलिव्हरी नोट करा, आरसी बदलल्याचं एमपरिवहनवर दिसेपर्यंत घेणाऱ्याची थोडी रक्कम अडकवून ठेवा किंवा सोबत आरटीओत जा. फास्टॅगही बंद करा, नाहीतर त्याच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जातात.

८. कर्ज फिटलंय म्हणतात, पण आरसीवर अजून बँकेचं नाव दिसतं.

कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरतोच असं नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ दोन प्रतींत देऊन तो उतरवावा लागतो. एनओसी सहसा तीन महिनेच चालते, त्यामुळे कपाटातली जुनी एनओसी दाखवली तर नवी आणायला सांगा. कर्ज बाकी असेल तर बाकीची रक्कम विक्रेत्याच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या. बोजा उतरल्यावरच प्रश्न ७ मधली प्रक्रिया सुरू होते.

९. जुन्या मालकाचा ५० टक्के नो-क्लेम बोनस मला मिळेल का?

नाही. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणाऱ्याने विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर ३ वर्षांच्या आत तो नव्या गाडीला लावता येतो. ५० टक्के बोनस म्हणजे नुकसानीच्या प्रीमियममध्ये अर्धी सूट, ती सोडून देऊ नका. घेणाऱ्याने १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. थर्ड पार्टी संरक्षण गाडीसोबत जातं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असताना अडतो.

१०. बेळगाव किंवा दिल्लीची गाडी लाखभर स्वस्त मिळते. घ्यावी का?

आधी किमतीत वरचा खर्च मिळवून बघा. तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथे वयानुसार पुन्हा रोड टॅक्स, नवा एमएच नंबर. तिकडच्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्याला महिने लागतात आणि खेटे पडतात, तो हिशेबात धरू नका. बाहेरच्या नंबरवर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे गाडी ठेवता येत नाही. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध असल्याने तिथल्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात. एनओसी हातात आल्याशिवाय त्यात पैसे अडकवू नका. मिरजेकडच्या लोकांना कर्नाटकची गाडी जवळची वाटते, तरी साधारण ५-६ लाखांच्या आतल्या गाडीत सगळं करून फारसं काही उरत नाही.

११. वडील गेले. गाडी त्यांच्याच नावावर आहे. चालवता येते का?

मृत्यूची माहिती ३० दिवसांत आरटीओला दिली तर वारसाला ३ महिने वापरता येते. त्या ३ महिन्यांत फॉर्म ३१, मृत्यू दाखला आणि वारसाचे पुरावे देऊन नावावर करायची. इतर वारसांची संमतीपत्रं आधीच करून ठेवा, बहुतेक फायली तिथेच थांबतात. विमा कंपनीलाही लगेच कळवा.

१२. कार्डाचं ४०,००० चं बिल होतं, ३९,००० भरले. हजारावर एवढं व्याज कसं?

पूर्ण बिल न भरल्यावर बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. १ ऑक्टोबरला ४०,००० ची खरेदी, ४ नोव्हेंबर भरण्याची तारीख, दर महिना ३.५ टक्के (वर्षाला ४२) धरू. ३४ दिवसांचं ४०,००० वर व्याज सुमारे १,५६५, त्यावर १८ टक्के जीएसटी २८२. हजार रुपये मागे ठेवण्याची किंमत १,८४७. शिवाय पूर्ण भरेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ‘मिनिमम ड्यू’ भरला की फक्त लेट फी टळते, व्याज नाही. ऑटो-डेबिट लावताना ‘टोटल ड्यू’ निवडलंय का ते एकदा उघडून बघा. तारीख चुकली तर घाबरू नका: रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तीन दिवस उलटल्याशिवाय लेट फी लावता येत नाही.

कार्डावर एटीएममधून रोख काढणं याहून वाईट. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर रोख काढण्याची फी.

१३. दिवाळीतला ‘नो-कॉस्ट ईएमआय’ खरंच फुकट असतो?

जवळपास, पण पूर्ण नाही. ३६,००० चा फ्रिज ६ हप्त्यांत, बँकेचा दर १५ टक्के. दुकान सुमारे १,५२४ रुपये सूट देतं, बँक तेवढंच व्याज घेते. त्या व्याजावरचा जीएसटी २७४ तुमचा. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर जीएसटीसह २३५. म्हणजे ५०९ रुपये गेले. खरा तोटा वेगळाच: रोखीने किंवा यूपीआयने तेच दुकान किती कमी करतं ते आधी विचारा. दीड-दोन हजार कमी होत असतील तर तेच घ्या.

१४. मित्राला जामीन राहिलो. माझा सिबिल का पडला?

भारतीय करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आणि ते कर्ज तुमच्या अहवालातही जामीनदार म्हणून दिसतं. त्याने हप्ता थकवला की डाग तुम्हालाही. प्रत्येक क्रेडिट ब्यूरोकडून वर्षाला एक अहवाल मोफत मिळतो. गाडीच्या कर्जाला अर्ज करायच्या दोन-तीन महिने आधी काढा म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळेल. जामीन मधेच काढून घ्यायला बँकेची संमती लागते, नुसतं पत्र देऊन सुटका होत नाही.

१५. व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चलन’ची फाइल आली, उघडली आणि कार्डावरून पैसे गेले.

एपीके फाइल असेल तर ते चलन नव्हतंच. खरं चलन अॅप बसवायला सांगत नाही. क्रम असा: फोनचं इंटरनेट बंद, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड ब्लॉक, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार. बँकेच्या तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तुमची चूक नसताना झालेला अनधिकृत व्यवहार ३ कामकाजाच्या दिवसांत कळवला तर तुमच्यावर बोजा शून्य. स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून इथे मिनिटं मोलाची.

१६. कार्ड बंद करायला सांगितलं, बंद करत नाहीत.

बाकी शून्य असेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा. विनंती ईमेलने करा, फोनवर नको. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, हेल्पलाइन १४४४८.

१७. फास्टॅगचा वार्षिक पास सातारा-पुणे जाणाऱ्याला परवडतो का?

हा पास १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत सुरू झाला. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. एक नाका म्हणजे एक फेरी. साताऱ्याहून पुण्याला आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे दोन, जाऊन-येऊन चार, म्हणजे ५० वेळा जाऊन येता येतं. सांगलीहून पेठ नाक्यावरून गेलात तर तासवडेही लागतो, जाऊन-येऊन सहा, म्हणजे तेहतीस वेळा. महिन्यातून दोनदा पुण्याला जाणाऱ्याचे पैसे नक्की वसूल होतात. वर्षातून दोन-तीनदाच जाणाऱ्याने घेऊ नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा आहे, तिथे पास चालत नाही. गाडी विकली तर पास सोबत जात नाही.

१८. महाबळेश्वरचं हॉटेल ऑनलाइन बुक करताना काय बघावं?

हॉटेलच्या नावाच्या खोट्या साइट सुटीच्या हंगामात उगवतात. नंबर सर्च जाहिरातीतून उचलू नका, नकाशावरच्या ठिकाणी दिलेल्या नंबरवर फोन करून खोलीचा दर आणि खात्याचं नाव विचारा. यूपीआय करताना हॉटेलऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं तर थांबा. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून जास्त लावलेला दिसला तर बिल मागा. जेवणाच्या बिलातला सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, नको म्हणता येतो. मोठी आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डाने दिलेली बरी, सेवा मिळालीच नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. यूपीआयने गेलेले पैसे परत येणं फार अवघड.

१९. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊन कोकणात गेलो तर?

पांढरी पाटी म्हणजे खासगी वापर. भाडं घेतलं की परवान्याशिवाय वाहतूक झाली. पोलिसांचा दंड सोडा, अपघात झाला आणि भाडं दिल्याचं सिद्ध झालं तर विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते. दर कमी दिसतो तो याच जोखमीमुळे. पिवळ्या पाटीची गाडी ठरवताना किलोमीटरचा किमान आकडा, टोल कोणाचा, चालकाचा रात्रीचा भत्ता आणि घाटात एसी चालू राहणार का, हे संदेशात लिहून घ्या. भांडणं याच चार गोष्टींवरून होतात.

२०. शोरूमने किंवा ट्रॅव्हल्सवाल्याने फसवलं. दाद कुठे मागायची?

आधी लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. खरेदी पुण्यात झाली असली तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत तक्रार टाकता येते. बिल, कोटेशन आणि संदेशांचे छापील स्क्रीनशॉट जोडा. तोंडी ठरलेली सूट सिद्ध होत नाही, म्हणून बुकिंगच्या दिवशीच ती कोटेशनवर शिक्क्यासह लिहून घ्यायची. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.